पालाश देतोय, पण वेलीत शिरतो का? पेशीच्या दारातल्या प्रथिनाची रचना

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातल्या द्राक्षबागांचे माती आणि पानदेठाचे अहवाल शेजारी ठेवून वाचले, की एक कोडे दिसते. मातीत उपलब्ध पालाश (खताच्या भाषेतला पोटॅशियम) भरपूर, ठिबकातून ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) चालू, तरी देठात पालाश कमी आणि सोडियम जास्त. यावर ठरलेले स्पष्टीकरण ऐकू येते: 'सोडियम पालाशची जागा घेतो, मुळाच्या दारात अडकून बसतो.'

जीवरसायनाचे पुस्तक मात्र म्हणते की पोटॅशियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या पटलातले प्रथिनाचे दार, दहा हजार पोटॅशियम आयन सोडते तेव्हा कुठे एखादा सोडियम त्यातून जातो. पहारा इतका कडक असेल, तर सोडियम दारात अडकेल कसा? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

म्हणून तीन प्रश्न. प्रथिनाची रचना पोटॅशियम नेमका ओळखते कशी? दार उघडायचे की मिटायचे हे कोण ठरवते? आणि सोडियम आडवा येतो तो कोणत्या ठिकाणी? इथे प्रथिनांवर काम करणारे आणि बागायतीतले असे दोन्ही प्रकारचे सभासद आहेत. सुरुवातीपासून सांगा, पण विषय पातळ करू नका.

---

#१ पेशीपटल

तिसऱ्या प्रश्नाला पोचायचे तर पहिले दोन ओलांडावे लागतील, म्हणून रचनेपासून.

पेशीपटल म्हणजे स्निग्धाचा दुहेरी थर. आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात. ते उतरवून उघड्या आयनाने स्निग्धात शिरायचे म्हटले तर फार ऊर्जा लागते, म्हणून तो तसा कधीच जात नाही. चॅनल ही अडचण सोडवते. चार प्रथिने गोल करून उभी राहतात आणि त्यांच्या मधोमध भोक तयार होते. रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडन्स या जिवाणूच्या 'केसीएसए' चॅनलची रचना क्ष-किरणांनी उलगडली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. सोबत पीटर अ‍ॅग्रे होते, ते पाण्याच्या चॅनलसाठी.

भोकाची लांबी सुमारे ४५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). पेशीच्या आतून निघाले की आधी बोगदा लागतो, मग सुमारे १० अँगस्ट्रॉम रुंदीची पाण्याने भरलेली खोली, आणि शेवटी बाहेरच्या तोंडाशी १२ अँगस्ट्रॉम लांबीची अरुंद गाळणी. खोली पटलाच्या बरोबर मध्यावर आहे, म्हणजे आयनाला जिथे सर्वात अवघड जायला हवे तिथेच त्याला पाणी मिळते. शिवाय प्रथिनातल्या चार छोट्या हेलिक्सची (मळसूत्री तुकड्यांची) ऋण बाजूची टोके या खोलीकडे रोखलेली असतात, ती धन आयनाला सांभाळून धरतात.

गाळणी पाच अमिनो आम्लांची: थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन. एरवी प्रथिनात अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या काम करतात. इथे उलट आहे. कण्यातले कार्बोनिल ऑक्सिजनच भोकाच्या आत तोंड करून उभे आहेत, फक्त तळाशी थ्रिओनिनचा हायड्रॉक्सिल आहे. चौघांचे मिळून चार मजले होतात आणि प्रत्येक मजल्यावर आयनाला आठ ऑक्सिजन मिळतात, चार वरून आणि चार खालून. पाण्यात त्याच्याभोवती जशी वस्ती असते तशीच ही. म्हणून पोटॅशियम पाणी सोडून आत येतो तेव्हा त्याचे जवळपास काहीच हरवत नाही. सोडियमची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३. लहान सोडियमला हे आठ ऑक्सिजन नीट पोचत नाहीत. त्याला पाण्यापासून सोडवायचा खर्च मोलमागे १७-१८ किलोकॅलरी जास्त, आणि तो खर्च गाळणीत भरून निघत नाही.

ग्लायसिनच का? कण्याला तिथे जो पीळ द्यावा लागतो तो नेहमीच्या अमिनो आम्लांना जमत नाही. त्या जागी नेहमीचे अ‍ॅलानिन बसवले तर चॅनल चालत नाही, पण त्याचे आरशातले रूप, डी-अ‍ॅलानिन, घातले तर चालते. मला या विषयातला सर्वात देखणा पुरावा हाच वाटतो.

---

#२ पंचवटीकर

वाचनखूण साठवली. चार प्रथिने म्हणजे पालखीचे चार भोई म्हणायचे. एकाने खांदा काढला की पालखी खाली.

---

#३ सातपूर_लॅब

पंचवटीकर, उपमा चपखल आहे. ही पालखी किती पक्की आहे हे जेलवरही दिसते. एकटे प्रथिन १६० अमिनो आम्लांचे, सुमारे १८ किलोडाल्टन. नमुना न उकळता एसडीएस (प्रथिने उलगडणारा डिटर्जंट) जेलवर चालवला तर पट्टा ७० च्या जवळपास येतो. एसडीएसमध्येसुद्धा चौघे सुटत नाहीत. उकळला की खाली १८ वर उतरतो.

ज्यांना हे शुद्ध करायचे आहे त्यांच्यासाठी नेमक्या गोष्टी:

ई. कोलायमध्ये हिस्टिडिनची शेपटी लावून प्रथिन तयार करायचे. पटलातून बाहेर काढायला डेसिल माल्टोसाइड हा डिटर्जंट. बफर ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, सोबत १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. इथे सवयीने सोडियम क्लोराइड घालू नका. गाळणीत पोटॅशियम बसलेला असला तर चौकडी टिकते. तो काढून घेतला की स्थैर्य घसरते आणि जेलवर एकट्या प्रथिनाचा पट्टा दिसायला लागतो. धातूच्या कॉलमवरून इमिडॅझोलने उतरवून लगेच साइझ कॉलमवर घ्या. डिटर्जंट प्रत्येक बफरमध्ये हवा, एका टप्प्यात राहून गेला तरी प्रथिन गुठळ्या होऊन खाली बसते.

प्रवाह मोजायचा तर पीओपीई आणि पीओपीजी ३:१ असे स्निग्ध घ्या. पीजीसारखे ऋण स्निग्ध नसेल तर केसीएसए उघडत नाही. दोन्ही बाजूंना पीएच ७ ठेवून 'चॅनल मेले' असा निष्कर्ष काढणे ही नेहमीची चूक. हे दार पेशीच्या आतल्या बाजूच्या आम्लाने उघडते, म्हणून एका बाजूला पीएच ४ आणि दुसऱ्या बाजूला ७ लागतो. पटलात चॅनल दोन्ही दिशांनी बसतात, त्यातली आतली बाजू ४ कडे असलेलीच बोलतात. उघडल्यावरही थोड्या वेळाने प्रवाह स्वतःहून बंद पडतो. तो नको असेल तर ७१ व्या ग्लुटामेटच्या जागी अ‍ॅलानिन असलेला बदल वापरा.

संगणकावर पाहणाऱ्यांसाठी: प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली (पीडीबी) केसीएसएची '१के४सी' ही रचना २ अँगस्ट्रॉमची आणि भरपूर पोटॅशियममधली. फाइल उघडली की चॅनलची एकच साखळी आणि चिकटलेली प्रतिपिंडे दिसतात, त्यामुळे विद्यार्थी भोक शोधत बसतात. 'बायॉलॉजिकल असेंब्ली' उतरवा, मग चौघे दिसतील. ७५ ते ७९ क्रमांकाची अमिनो आम्ले काड्यांच्या रूपात दाखवा. आयन आणि ऑक्सिजन यांतले अंतर २.८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. नंतर '१के४डी' शेजारी ठेवा. तीच रचना, पण ३ मिलिमोलर पोटॅशियममध्ये. गाळणी मधोमध पिळून मिटलेली दिसेल.

---

#४ अणुरेणू

पेशीपटल, एका मुद्द्यावर असहमती. 'लहान सोडियमला ऑक्सिजन पोचत नाहीत' हे चित्र गाळणी दगडी आहे असे गृहीत धरते. १९७२ मध्ये बेझानिला आणि आर्मस्ट्राँग यांनी मांडलेल्या घट्ट बसण्याच्या कल्पनेचा तो वारसा. प्रथिन दगड नाही. सामान्य तापमानाला कार्बोनिल पाऊण-एक अँगस्ट्रॉम सहज हलतात, आणि दोन्ही आयनांच्या त्रिज्यांतला फरकच ०.३८ आहे. तेव्हा ऑक्सिजन आत सरकून सोडियमला कवेत का घेत नाहीत?

२००४ मध्ये नोस्कोव्ह, बर्नेश आणि रू यांनी उत्तर दिले की कार्बोनिल ऑक्सिजन एकमेकांना ढकलतात. आठही ऋण बाजूचे. सोडियमसाठी त्यांना फार जवळ यावे लागेल, आणि ती आपसातली ढकलाढकल महागात पडते. म्हणजे निवड भोकाच्या मापातून येत नाही, ती ऑक्सिजनच्या संख्येतून आणि स्वभावातून येते.

---

#५ पेशीपटल

अणुरेणू, मुद्दा मान्य. माझी मांडणी कडक झाली होती. पण ढकलाढकलही एकटी पुरत नाही.

'एनएके' नावाचे जिवाणूचे चॅनल पाहा. तिथे गाळणीत सलग मजले दोनच आहेत आणि ते सोडियम-पोटॅशियम दोन्ही सोडते. त्याच प्रथिनात बदल करून तीन मजले केले तरी दोन्ही जातात. चार केले की ते पोटॅशियमचेच होते. कार्बोनिल तिन्हींत तसलेच, एका मजल्यावरचे ऑक्सिजनही तितकेच. मग निवड आली कुठून? एकामागोमाग चार मजल्यांची रांग आणि त्या रांगेत एका वेळी एकाहून जास्त आयन, यातून. हे काम २०११ मध्ये पुढे आले. माझ्या मते मूळ गुपित या रांगेत आहे, एका मजल्याच्या मापात कमी.

---

#६ त्र्यंबकची_वाट

रांग म्हटल्यावर त्र्यंबकेश्वरची दर्शनबारी डोळ्यापुढे आली. बारीत एका वेळी एकच माणूस मावतो, पुढच्याला ओलांडता येत नाही. मागून एक आत शिरला की गाभाऱ्यातला पुढे सरकतो. सोमवारी बारी गच्च भरली की ती उलट भराभर सरकते. चॅनलचे असेच का? इतका घट्ट धरणारा दरबान असेल तर आयन अडकून पडायला हवा, मग सेकंदाला कोटींनी जातात ते कसे?

---

#७ अणुरेणू

अगदी असेच. हॉजकिन आणि कीन्झ यांनी १९५५ मध्ये, प्रथिनाची रचना कुणी पाहिलीही नव्हती तेव्हा, कटलफिश या स्क्विडच्या नात्यातल्या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूवर किरणोत्सारी पोटॅशियम वापरून एकेरी रांगेचा निष्कर्ष काढला होता. एक आयन एकटा बसला तर खरोखर अडकेल. शेजारी दुसरा धन आयन आला की दोघे एकमेकांना ढकलतात, आणि ही ढकल मजल्याच्या पकडीला जवळजवळ नेमकी फेडते. म्हणून सेकंदाला सुमारे दहा कोटी, म्हणजे पाण्यात मोकळे फिरताना आयन जितक्या वेगाने दारापर्यंत पोचेल त्याच्या जवळपास.

दोन आयनांच्या मध्ये पाण्याचा रेणू असतो की ते अंगाला अंग लावून जातात, यावर मात्र वाद चालू आहे. जुने मत आयन-पाणी-आयन-पाणी. २०१४ पासूनची संगणकी आकडेमोड पाण्याशिवायच्या बाजूने बोलते. मला दुसरी बाजू जड वाटते, कारण पाण्याला जागा नसेल तर पाणी सोबत बाळगणाऱ्या सोडियमलाही जागा उरत नाही.

बेरियमचे उदाहरण इथे उपयोगी आहे. त्रिज्या १.३५, पोटॅशियमच्या जोडीची, पण भार दुप्पट. तो सर्वात आतल्या मजल्यावर बसतो आणि हलत नाही. मापाने चालतो, पण पकड सुटत नाही, म्हणून बारीच बंद पडते.

---

#८ नाडीपरीक्षा

दवाखान्याच्या बाजूने भर घालतो.

हृदयाच्या पेशीत ठोका संपवणारे एक पोटॅशियम चॅनल आहे, 'हर्ग'. त्याच्या गाळणीत टायरोसिनऐवजी फेनिलअ‍ॅलानिन आहे. आतल्या खोलीच्या भिंतीवर टायरोसिन ६५२ आणि फेनिलअ‍ॅलानिन ६५६ ही दोन चपटी अमिनो आम्ले चारही बाजूंनी आत डोकावतात. कितीतरी औषधांचे चपटे रेणू त्यांना चिकटतात आणि बोगदा बुजतो. ईसीजीवर क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला लागणारा काळ) लांबते, पुढे जीवघेणी लय होऊ शकते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचे औषध १९९० च्या दशकात यामुळेच मागे पडले.

रक्तातला पोटॅशियम कमी झाला तर 'आत जास्त, बाहेर कमी' हा उतार वाढतो, म्हणजे हर्गचा प्रवाह वाढायला हवा. प्रत्यक्षात घटतो. बाहेर पोटॅशियम कमी असला की गाळणी मिटण्याकडे झुकते. सातपूर_लॅब यांनी सांगितलेल्या दोन रचनांची आठवण व्हावी असे हे वागणे आहे. म्हणून जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलेल्या रुग्णाला क्यूटी लांबवणारे औषध देताना आधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहतात.

उतार टिकवणारा पंप वेगळा. येन्स स्कू यांनी तो १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत ओळखला, १९९७ मध्ये नोबेल मिळाले. एका एटीपीमागे (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. याची दारे एकाच वेळी दोन्हीकडे कधीच उघडी नसतात, म्हणून वेग सेकंदाला शे-दोनशे फेऱ्यांचा. पंपाने भरायचे आणि चॅनलने सोडायचे. पोटॅशियम पेशीत १४०, बाहेर ४ मिलिमोलर धरला तर तोल साधतो तो उणे ९४ मिलिव्होल्टला.

---

#९ द्राक्षवेल

डॉक्टर, हा पंपाचा धागा पकडून वनस्पतीकडे वळवते, कारण गोदाकाठ यांचे उत्तर तिथून पुढे जाते.

वनस्पतीच्या मुळात सोडियम-पोटॅशियम पंप नाही. तिथे प्रोटॉनचा पंप आहे. तो एटीपी खर्चून हायड्रोजन आयन बाहेर फेकतो आणि पेशी आतून उणे १५० ते उणे २०० मिलिव्होल्टपर्यंत नेतो. हे व्होल्टेज म्हणजे मुळाची ओढ.

पोटॅशियम आत घेणारे मुख्य चॅनल 'एकेटी१', पानाच्या रंध्राशी 'केएटी१'. दोन्ही १९९२ मध्ये, पोटॅशियम घेता न येणाऱ्या यीस्टमध्ये वनस्पतीची जनुके घालून सापडली. गाळणी केसीएसएच्याच घराण्यातली, त्यातही ग्लायसिन-टायरोसिन-ग्लायसिन हा तुकडा तसाच. वेगळे आहे ते दार. प्रत्येक प्रथिनात चौथे हेलिक्स धन भाराच्या आर्जिनिन या अमिनो आम्लांनी भरलेले असते, तो व्होल्टेजचा संवेदक. प्राण्यांच्या चेतापेशीत संवेदक बाहेरच्या बाजूला सरकला की दार उघडते. केएटी१ मध्ये तो आत ओढला गेला की उघडते. संवेदक दोन्हींत एकाच दिशेने हलतो, दाराशी त्याची जोडणी मात्र उलटी आहे. २०२० मध्ये केएटी१ ची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळाली.

म्हणून मुळात क्रम असा: प्रोटॉन पंप चालला, व्होल्टेज खूप उणे झाले, एकेटी१ उघडले, पोटॅशियम आत ओढला गेला. याच्या उलट 'गॉर्क' नावाचे चॅनल व्होल्टेज घसरले की उघडते आणि पोटॅशियम बाहेर सोडते.

व्होल्टेजशिवाय आणखी दोन हात दारावर आहेत. पोटॅशियम कमी पडला की पेशीत कॅल्शियमचा इशारा उठतो, 'सीबीएल' प्रथिन कॅल्शियम धरते, 'सीआयपीके२३' हे किनेज पटलापाशी आणते आणि ते एकेटी१ ला फॉस्फेट लावते. तेव्हाच ते खरे कामाला लागते. दुसरा हात चौकडीतच आहे. चार भोयांपैकी काही 'केसी१' नावाचे असतात. ते एकटे चॅनल होत नाहीत, पण एकेटी१ बरोबर बसले की दार उघडायला आणखी उणे व्होल्टेज लागते. जमिनीत पोटॅशियम फार कमी असताना आतला माल त्याच दाराने बाहेर गळू नये, यासाठी ही तरतूद.

---

#१० पंचवटीकर

द्राक्षवेलताई, जमिनीत किती कमी झाले की चॅनल हात टेकते?

---

#११ द्राक्षवेल

पेशीत १०० मिलिमोलर आणि व्होल्टेज उणे १८० धरा. दर दसपटीला ५८ मिलिव्होल्ट. १८० भागिले ५८ म्हणजे ३.१, म्हणजे बाहेरची मात्रा आतल्यापेक्षा सुमारे बाराशेपट कमी असली तरी ओढ पुरते. बाहेर ०.०८ मिलिमोलर, इथपर्यंत चॅनल फुकटात काम करते. त्याखाली 'हॅक५' हा वाहक लागतो, तो प्रोटॉनला सोबत घेऊन पोटॅशियम आत ओढतो. तो चॅनल नाही, वेग कमी, खर्च जास्त. एप्स्टाइन यांनी १९६३ मध्ये बार्लीच्या मुळांत शोषणाच्या या दोन पायऱ्या मोजल्या होत्या.

आता व्होल्टेज उणे १८० ऐवजी उणे १२० झाले तर? १२० भागिले ५८ म्हणजे २.०७. मर्यादा एकदम ०.८५ मिलिमोलरवर जाते. जमिनीतला पालाश तेवढाच राहिला, गाळणी तीच राहिली, आणि शोषण दहापट अवघड झाले. गोदाकाठ, तुमच्या कोड्याची किल्ली ही आहे.

---

#१२ निफाडकर

या गणितावरून बागेतल्या दोन गोष्टींचा उलगडा होतो.

एक, वाफसा नसलेली जमीन. काळ्या भारी मातीत पाणी तुंबले की मुळाला प्राणवायू नाही, एटीपी नाही, प्रोटॉन पंप मंद, व्होल्टेज घसरले. तेव्हा पालाश ठिबकातून कितीही सोडा, एकेटी१ उघडणार नाही, उलट गॉर्कमधून आतला जाईल. आधी पाणी तोडून वाफसा आणायचा, मग खत.

दोन, थंडी. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा पंपाचा वेग आणि मुळाची वाढ दोन्ही मंदावतात. नेमकी हीच मणी फुगण्याची आणि पाणी उतरण्याची (मणी मऊ होऊन पिकू लागण्याची) वेळ. म्हणून त्या दिवसांत पालाश एका दमात देण्यापेक्षा थोडा थोडा, आणि सकाळी दहानंतर जमीन तापल्यावर ठिबकातून देणे योग्य.

---

#१३ मस्ट_आणि_मद्य

वाइनच्या द्राक्षांवाल्यांनी उलटी बाजूही पाहावी. मण्यात पाणी उतरल्यावर पोटॅशियम मोठ्या प्रमाणात मण्यात येतो. रसात तो हायड्रोजन आयनांची जागा घेतो आणि टार्टारिक आम्लाशी पोटॅशियम बायटार्टरेट करतो. पीएच चढतो. ३.७-३.८ च्या रसात रंग फिका, सल्फर डायऑक्साइडचा असर कमी, जिवाणूंना मोकळे रान. थंडीत टाकी उणे ४ अंशांना ठेवली की हा बायटार्टरेट, म्हणजे टार्टर, खाली बसतो. पीएच ३.६५ च्या खाली असेल तर टार्टर बसताना पीएच आणखी उतरतो, वर असेल तर चढतो. म्हणून आम्ल दुरुस्ती आधी, थंड करणे नंतर. खाण्याच्या द्राक्षाचे पालाशचे वेळापत्रक वाइनच्या बागेत जसेच्या तसे उचलू नये.

---

#१४ गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. #११ वाचून असे कळते की सोडियम गाळणीत अडकत नाही, तो व्होल्टेज पाडतो. पण व्होल्टेज पाडायला त्याला आधी आत यावे लागेल. पोटॅशियमच्या दारातून येत नाही, तर येतो कुठून?

---

#१५ द्राक्षवेल

दुसऱ्या दारातून. मुळाच्या पटलात धन आयनांची निवड न करणारी चॅनल्सही असतात. त्यांची गाळणी चार मजल्यांची नाही, त्यामुळे सोडियम आत येतो. धन भार आत आला की व्होल्टेज उणे १८० वरून वर चढते. काही मिनिटांत गॉर्क उघडते आणि मुळातला पोटॅशियम बाहेर पडायला लागतो. एकेटी१ ची ओढ त्याच वेळी कमी झालेली. म्हणजे एकाच झटक्यात आवक घटली आणि गळती सुरू. देठात सोडियम जास्त आणि पालाश कमी दिसतो तो याने. 'दारात अडकून बसतो' हे स्पष्टीकरण सोडून द्यावे. त्यावर विसंबून शेतकरी आणखी पालाश ओततो आणि मूळ रोग तसाच राहतो.

उपाय सोडियमच्या दारावर हवा. ही निवड न करणारी चॅनल्स बाहेरच्या कॅल्शियमने बऱ्याच अंशी रोखली जातात. म्हणून जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) दोन ठिकाणी काम करते: मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवते आणि मुळाच्या पटलाशी सोडियमची आवक कमी करते. दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

खुंटाचाही, म्हणजे ज्या मुळावर वेल कलम करतात त्याचाही, संबंध आहे. 'एचकेटी' नावाची प्रथिने मुळातून वर चढणाऱ्या रसातला सोडियम परत ओढून घेतात. त्यांच्या गाळणीत पहिल्या वळणावर ग्लायसिनऐवजी सेरिन असेल तर ते फक्त सोडियम धरतात. एका अमिनो आम्लाचा फरक. द्राक्षाच्या खुंटांत या प्रथिनाची वेगवेगळी रूपे आहेत, त्यामुळे एक खुंट पानापर्यंत सोडियम पोचू देतो आणि दुसरा नाही.

---

#१६ निफाडकर

ताईंच्या प्रतिसादाला प्रत्यक्षातली जोड.

जिप्सम खरडछाटणीनंतर, पावसाळ्याआधी मातीत मिसळावे म्हणजे सुटलेला सोडियम पावसाने खाली जाईल. निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो, चर आधी काढा. चुनखडीच्या जमिनीत गंधक चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवते आणि कॅल्शियम जागेवर मिळतो. पण त्याला ओल आणि काही आठवडे लागतात.

कॅल्शियम नायट्रेट आणि ०:०:५० एका टाकीत कधीही नको. टाकीतच जिप्सम बनून ड्रिपर चोंदतात. ०:५२:३४ या फॉस्फेटच्या खताबरोबरही तेच, तिथे कॅल्शियम फॉस्फेट बसतो. वेगवेगळ्या दिवशी सोडा, मध्ये साधे पाणी. खारवट पाण्याच्या बागेत म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाळा, त्यात क्लोराइड जवळपास निम्मा असतो.

अमोनियमकडेही लक्ष हवे. त्याचा आकार पोटॅशियमच्या जवळचा, पण तो मुख्यतः हॅक५ ला रोखतो, एकेटी१ ला फारसा नाही. म्हणून पालाश बऱ्यापैकी असलेल्या जमिनीत अमोनियम सल्फेटचा त्रास कमी, हलक्या जमिनीत जास्त.

---

#१७ सातपूर_लॅब

अहवालावर भरवसा ठेवण्याआधी तो कसा निघाला ते पाहा.

देठ फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे, खरडछाटणीनंतर ४५ व्या दिवशी पाचव्या पानाचे. ०:०:५० ची फवारणी नुकतीच झाली असेल तर देठावरचाच पालाश मोजला जाईल, म्हणून फवारणीआधी नमुना घ्या. घामाच्या हातांनी सोडियम वाढतो, हातमोजे घाला.

फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम ७६६.५ नॅनोमीटरला वाचतात. १००० पीपीएमचे प्रमाण द्रावण म्हणजे वाळवलेले पोटॅशियम क्लोराइड १.९०७ ग्रॅम एका लिटरमध्ये. ज्योतीत पोटॅशियमचा काही भाग आयन होऊन वाचनातून निसटतो. नमुन्यात सोडियम भरपूर असेल तर हे निसटणे कमी होते आणि पोटॅशियम खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे खारवट बागेचा देठ जो 'किंचित कमी' दिसतो तो प्रत्यक्षात आणखी कमी असू शकतो. प्रमाण द्रावणातही नमुन्याइतका सोडियम घाला.

मातीच्या अहवालात आकडा पालाशचा आहे की पोटॅशियमचा ते विचारा. पालाश गुणिले ०.८३ म्हणजे पोटॅशियम.

---

#१८ गोदाकाठ

हे फार महत्त्वाचे. मग सोडियम जास्त असलेल्या बागांचे जुने अहवाल असेच चढे असणार. प्रमाण द्रावणात सोडियम घातला होता का, हे प्रयोगशाळेला विचारायचे झाले तर नेमके काय विचारावे?

---

#१९ सातपूर_लॅब

'पोटॅशियमच्या प्रमाण द्रावणात सोडियम किती पीपीएम होता आणि नमुना किती पट पातळ केला होता?' एवढे दोन आकडे मागा. आकडे मिळाले नाहीत तर तोच वाळवलेला नमुना पुन्हा मोजायला सांगा. एकदा नुसता, एकदा दहापट पातळ करून. पातळ केलेल्याचे वाचन दहाने गुणून पहिल्यापेक्षा ठळक कमी आले, तर पहिला आकडा सोडियमने फुगवलेला होता.

---

#२० त्र्यंबकची_वाट

#१५ मधल्या सेरिन आणि ग्लायसिनच्या फरकावर वेगळा धागा काढाल का, द्राक्षवेलताई? खुंट निवडताना रोपवाटिकेत काय विचारायचे ते त्यात यावे.

---

#२१ द्राक्षवेल

काढते. तोवर ज्यांच्याकडे एकाच विहिरीच्या पाण्यावर दोन वेगळ्या खुंटांच्या बागा आहेत, त्यांनी यंदाच्या फुलोऱ्यात दोन्हींचे देठ एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत पाठवा आणि सोडियमचा आकडा त्या धाग्यावर खुंटाच्या नावासह टाका.